अपडेट झालं तरी ‘रीस्टार्ट करा’ जात नाही : तुमचे अनुभव लिहा

विंडोजचा संगणक अपडेटनंतर रीस्टार्ट मागतो, आपण करतो, आणि थोड्या वेळानं कोपऱ्यात तीच चौकट पुन्हा हजर. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे अपडेटच बंद करून टाका. मला तो अजिबात पटत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेनं येतात, आणि बँकेचे व्यवहार, ऑफिसची कागदपत्रं, घरचे फोटो सगळं त्याच मशीनवर असतं. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे नेमकं काय अडकलं होतं आणि ते कसं सापडलं, ते सविस्तर लिहा.

आधी थोडं विंडोज आतून काय करतं त्याबद्दल. वापरात असलेली फाइल चालू मशीनवर बदलता येत नाही. मग ‘पुढच्या वेळी सुरू होताना बदलायची’ अशी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) राहते आणि बाकीच्या सेवा सुरू होण्याआधी ते काम उरकलं जातं. उरकलं नाही तर मागणी उभीच. तेव्हा चौकट दाबून टाकण्यापेक्षा काय उरलंय ते शोधावं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘अपडेट हिस्टरी’ असते. तिथे एकच केबी क्रमांक (प्रत्येक अपडेटचा ओळख क्रमांक) पुन्हापुन्हा ‘फेल्ड’ दिसतोय का, ते पाहा.

आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर तसंच दिसत होतं. कारण निघालं सी ड्राइव्हवरची जागा. अपडेट उतरायला पुरेशी होती, उलगडायला नव्हती. डिस्क क्लीनअप उघडून ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’मधलं ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ चालवलं, मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले, मग तेच अपडेट विनातक्रार बसलं.

आता तुम्ही लिहा.

कर सल्लागार, सांगली

आमच्या ऑफिसात सगळे संध्याकाळी ‘शट डाऊन’ करून जातात आणि सकाळी सुरू करतात. तरी एका मशीनवर रीस्टार्टची मागणी हटत नव्हती. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारली. खाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज बंद होणारं मशीन कितीतरी दिवस सलग चालू असल्याचं तिथे दिसलं!

कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आहे. शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. मशीन लवकर सुरू होतं, पण अडलेली कामं अडलेलीच राहतात. ‘रीस्टार्ट’ निवडलं तर मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊन केलं तरी पूर्ण बंद होतं. कायमचा उपाय हवा असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. आम्ही सगळ्या मशीनवर काढली.

आमच्या व्यवसायातल्यांसाठी आणखी एक. महिन्याचं मोठं अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतं, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री साडेदहा-साडेअकराला. बुधवारी ऑफिस उघडलं की ते दारात उभं. हा बुधवार ९ ते १५ तारखेत कुठेही येतो, आणि जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाच्या मासिक जीएसटी रिटर्नची) मुदत असते ११ तारीख. पोर्टलवर रिटर्न भरत असताना मशीन रीस्टार्टला गेलेलं कुणालाच परवडत नाही. ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे ज्या वेळेत विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही ते तास, १८ पर्यंत ठेवता येतात, ते ठेवा. आणि मुदत अगदी तोंडावर असेल तर अपडेट आठवडाभर ‘पॉज’ करा. पॉज म्हणजे बंद नव्हे.

शाळेची संगणक प्रयोगशाळा, परभणी जिल्हा

आमचं दुखणं निराळं होतं. रीस्टार्ट झाला की मशीन पूर्वीच्या स्थितीत आणून ठेवणारं सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत बसवलेलं आहे. मुलांनी काहीही केलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. फार उपयोगाची गोष्ट आहे, ती काढायचा प्रश्नच नव्हता. पण अपडेट यायचं, रीस्टार्ट मागायचं, आणि रीस्टार्ट झाला की ते सॉफ्टवेअर त्या अपडेटलाही पुसून टाकायचं. विंडोज पुन्हा तेच उतरवायला घ्यायचं. शाळेचं तुटपुंजं इंटरनेट त्यातच संपत होतं.

आता आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, संरक्षण उघडतो, सगळी अपडेट बसू देतो, ‘चेक फॉर अपडेट्स’ला काही उरलं नाही हे बघतो आणि मगच पुन्हा कुलूप लावतो. इतर दिवशी विंडोज अपडेटची सेवा बंद ठेवलेली असते. ज्या शाळांत किंवा सायबर कॅफेत असं सॉफ्टवेअर आहे त्यांनी दुरुस्तीला माणूस बोलवण्याआधी हे तपासा.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. मोठ्या अपडेटला मध्ये एकापेक्षा जास्त वेळा रीस्टार्ट लागतो. पण सुरू होताना कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत उबुंटू पहिलं असल्यानं प्रत्येक रीस्टार्ट उबुंटूत जायचा आणि विंडोजचं काम अर्ध्यावर थांबायचं. पुन्हा विंडोज उघडलं की ‘वर्किंग ऑन अपडेट्स’. ग्रबला ‘मागच्या वेळी जे निवडलं तेच पुन्हा’ असं सांगता येतं, ते केलं. प्रश्न मिटला.

सेवा केंद्र, रत्नागिरी जिल्हा

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. अपडेट बसत असताना वीज गेली की पुढच्या वेळी ‘अनडूइंग चेंजेस’ आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात दाखल्यांसाठी माणसं बाहेर उभी, कुणी सकाळच्या एसटीनं आलेलं.

आधी यूपीएसची बॅटरी बदलली, कारण जुनी काही मिनिटंही टिकत नव्हती. पण तोवर वारंवार वीज जाऊन सिस्टीमच्या फाइल बिघडल्या होत्या. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडून विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन आज्ञा दिल्या: आधी डिसमची ‘रिस्टोअर हेल्थ’ चालवली, मग एसएफसीची ‘स्कॅन नाऊ’. क्रम हाच ठेवावा, कारण दुसरी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल घेते तो साठा पहिली दुरुस्त करते. तरी अपडेट बसेना. मग सर्व्हिसेसमधून विंडोज अपडेट आणि बिट्स (मागे राहून फाइल उतरवणारी) या सेवा थांबवल्या, विंडोजच्या फोल्डरमधल्या, उतरलेली अपडेट साठवणाऱ्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’चं नाव बदललं आणि सेवा पुन्हा सुरू केल्या. अर्धवट उतरलेलं सगळं नव्यानं उतरलं आणि बसलं. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्यांनी ते पुन्हा उतरणार हे धरून चालावं.

कार्यालयांचे संगणक सांभाळणारा, नागपूर

माझ्याकडच्या एका मशीनवर विंडोज अपडेट स्वच्छ होतं, पण कोणतंही नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ‘आधी रीस्टार्ट करा’. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर तर पुढे सरकतच नव्हता. रजिस्ट्रीत ‘सेशन मॅनेजर’खाली ‘पेंडिंग फाइल रीनेम ऑपरेशन्स’ अशी नोंद असते, ती वाचली. सगळ्या ओळी एकाच प्रिंटरच्या सॉफ्टवेअरच्या. ते दर सुरुवातीला आपली तात्पुरती फाइल पुसायची नोंद पुन्हा टाकत होतं. ते काढून फक्त ड्रायव्हर (प्रिंटर चालवण्यापुरता भाग) ठेवला, एक रीस्टार्ट, आणि इन्स्टॉलर चालला. काही जण ती नोंदच पुसून मोकळे होतात. मी तसं करत नाही. तिच्यात विंडोजची खरी कामंही असू शकतात. आधी वाचा, फाइल कुणाची ते ओळखा.

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की मशीनचा दिवसवार इतिहास उघडतो. कोणत्या दिवशी काय बसलं, काय फसलं, सगळं एका पानावर. कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी मी ते पान उघडतो.

धागाकर्ती

सांगलीकरांचं वाचून मीही अप टाइम बघायला लागले, फार सोपी तपासणी आहे. एक विनंती. विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अनुभव लिहिताना तुमच्याकडे १० आहे की ११ ते जरूर लिहा. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटमुळे असं झालेलं कुणी आहे का? एकीकडून जुना ड्रायव्हर येतो, दुसरीकडून नवा, आणि दोघेही रीस्टार्ट मागतात, अशी एका मैत्रिणीची तक्रार आहे. तिच्यासाठी उत्तर हवंय.