अनुभव धागा: मंडळीतली (चर्चमधली) सेवा, आनंद आणि तळाला लागलेली खिचडी

पंचहौदकर
सलाम. गुरुवार पेठेतून येताना देवळाचा, म्हणजे चर्चचा, मनोरा दिसला आणि जुन्या बायकांची 'मूठ' आठवली. भात शिजायला लावताना एक मूठ तांदूळ गरिबांसाठी बाजूला. मिझोरामच्या मंडळ्यांत मूठ काढायची रीत अजून जोरात आहे, तिथे ती मंडळीच्या कामाला जाते. बायबलात रोमकरांस १२:८ मध्ये दया हसतमुखाने करायला सांगितलंय. पण घोळ झाला की हसू पहिलं पळतं. तेव्हा कोणतं काम कसं करता, कुठे बिघडतं ते लिहा. देवाने काय केलं ती साक्ष रविवारी देऊ, इथे मापं द्या.

वानवडी किचन
१०० माणसांची खिचडी: तांदूळ ७ किलो, मूगडाळ अडीच किलो, पाणी ३० लिटर, तेल पाऊण लिटर, मीठ ४०० ग्रॅमच्या आसपास (आधी ३०० घाला, मग चव बघा). पाणी दुसऱ्या पातेल्यात उकळतं हवं. फोडणीवर गार पाणी ओतलं की उकळी यायला वेळ लागतो, तोवर डाळ बुडाशी बसते आणि करपते. करपलीच तर उलथनं खाली घालू नका! वरची वर दुसऱ्या पातेल्यात काढा. तळ खरवडला की सगळ्याला वास.
उन्हाळ्यात टोमॅटो, बटाटा, ओलं खोबरं बंद. शिजल्यावर चार तासांत वाटून मोकळं व्हा, तोवर वाफाळती ठेवा. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, अन्न कोमट झालं की वाढतात. त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही, आणि वास येतोच असं नाही.

किटलीवाला
काकू, सगळं लिहिलंत, पातेली कोण घासणार ते नाही लिहिलंत 😄 वाढायला वीस जण, घासायला दोन. आमच्याकडे यादीत घासणाऱ्यांची नावं आधी, मग वाढणाऱ्यांची.

वानवडी किचन
करपलेल्यात पाणी आणि मूठभर खायचा सोडा घालून उकळा. तारेची घासणी लागतच नाही.

लष्करातली ताई
ससून हॉस्पिटलबाहेर जेवण द्यायचं तर नातेवाइकांना द्या, पेशंटला नको. त्याचं पथ्य ठरलेलं असतं. रात्री पोळी-भाजी बरी, उभ्याने खाता येते. रस्सा नको, सुकी भाजी. आणि फोटो काढू नका रे बाबांनो. घास तोंडात असताना कॅमेरा कुणाला आवडेल?

घोरपडी ४११
रेशन किट. सगळे तांदूळ-गहू भरतात आणि तेच चुकतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो धान्य फुकट मिळतंच. आधी कार्ड बघा. मिळत असेल तर किटमध्ये तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, साखर, चहा, शेंगदाणे, कपड्यांचा आणि अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड. कार्ड नसेल तर धान्य द्या आणि सोबत कार्डाचा अर्ज भरून द्या, नाहीतर दर महिन्याला तेच.
यादी एकट्याच्या हातात नको. वाटपावरून कुरकुर पहिल्या मंडळीतही झालीच होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वगळतात अशी तक्रार आली म्हणून सात जण नेमावे लागले (बायबल, प्रेषितांची कृत्ये ६).

सेतूच्या रांगेत
पूर्ण सहमत. एका म्हाताऱ्या बाईचं श्रावणबाळ योजनेचं पेन्शन मंजूर करून दिलं की दरमहा १,५०० तिच्या खात्यात. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. ६५ च्या खालच्या विधवेला संजय गांधी निराधार योजना. अडतं कुठे: आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. किंवा खातं आधारला जोडलेलंच नाही. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला राहिला की पैसे बंद. बायकांना वाटतं सरकारने बंद केलं. मंडळीच्या वहीत प्रत्येकीसमोर दाखल्याची तारीख लिहून ठेवा.
बाहेर टायपिंग करतोय, चुका समजून घ्या

लष्करातली ताई
दवाखान्याचं पण लिहा की दादा

सेतूच्या रांगेत
धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत (उत्पन्न वर्षाला १,८०,००० पर्यंत), १० टक्के दुर्बलांना सवलतीत (३,६०,००० पर्यंत). तहसीलदाराचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. पेशंट दाखल करतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बिल हातात आल्यावर गेलात तर भांडण ठरलेलं.

केडगाव लोकल
पंडिता रमाबाईंचं नाव कुणीच कसं घेत नाही? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, नुसतं जेवू नाही घातलं. केडगावच्या मुक्ती मिशनात विणकाम, छापखाना, तेलघाणी, दुधाचा धंदा शिकवला. किटवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं.

किटलीवाला
नगरचं केडगाव ना?

केडगाव लोकल
नाही हो!! दौंडचं. दर वेळी हेच.

खडकी बाजार
अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटी. दोघांनी जा, त्यात एक बाई हवीच. गीत एकच, प्रार्थना छोटी, वीस मिनिटांत उठा. पाळकसाहेब सोबत असले आणि प्रभुभोजन देणार असले तर भाकरीचा तुकडा हरभऱ्याएवढा, रस चमच्याने, आणि आधी माणसाला बसतं करा. आडवं असताना दिलं तर ठसका लागतो.
प्रार्थनेनंतर पाठ बघा. माकडहाड, कुल्ले, टाचा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात आहे. त्यावर चोळायचं नाही, तेल-पावडरने मालिश तर नाहीच. दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. मधे भोक असलेली रबरी रिंग देऊ नका, कडेने रक्त अडतं. चादरीची सुरकुतीसुद्धा टोचते. एअर गादी असली तरी कूस बदलावीच लागते, हे घरच्यांना दोनदा सांगा. आणि त्या घरच्या सुनेला विचारा, तू कधी झोपलीस. तासभर तिच्या जागी बसणं ही पण सेवाच, आणि तिचा चेहरा जो खुलतो ना!

पंचहौदकर
हे छापून लावतो. किटलीवाले, हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानतो तो) पातेली किती?

किटलीवाला
तीन. झाकणं दोनच आहेत.

घोरपडी ४११
कुणाकडे एअर गादीचा पंप पडून आहे का? आमचा घरघर करतोय आणि हवा सोडत नाही.

खडकी बाजार
आधी मागची जाळी साफ करा, धूळ बसते. नळी दुमडली असेल तरी तसंच होतं. नाहीच चालला तर शनिवारी आमचा न्या, फक्त पट्टा बांधून आणा, पलंगाला लटकवायचा हूक तुटलाय.