छेदांचा थेट गुणाकार करून समच्छेद केला, तर चूक ठरते का?

प्रश्न (पालक, सातारा)
नमस्कार. माझी मुलगी सहावीत असून सध्या भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज शिकते आहे. परवाच्या चाचणीत ५/१२ + ७/१८ हे उदाहरण होते. तिने १२ आणि १८ यांचा गुणाकार करून २१६ हा छेद घेतला, ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ अशी बेरीज केली आणि अंश व छेद यांना ६ ने भागून २९/३६ हे उत्तर काढले. उत्तर बरोबर असूनही ‘लसावि काढला नाही’ असा शेरा मारून तिचा एक गुण कापला गेला. गुणाचे मला फारसे वाईट वाटले नाही. परंतु ‘मग माझी रीत चुकीची आहे का?’ असे तिने विचारले, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. लसावि घेणे आवश्यक आहे की केवळ सोयीचे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक)
ताई, तिची रीत पूर्णपणे बरोबर आहे, हे तिला आधी सांगा. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही अपूर्णांक एकाच मापाच्या तुकड्यांत मांडणे. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्या. एकीची मधोमध घडी घालून अर्धा भाग रंगवा, दुसरीचे तीन सारखे भाग करून एक रंगवा. हे दोन रंगीत तुकडे लहानमोठे असल्यामुळे ‘दोन तुकडे’ म्हणण्याला अर्थ नाही. आता पहिल्या पट्टीच्या प्रत्येक भागाचे तीन आणि दुसरीच्या प्रत्येक भागाचे दोन भाग करा. दोन्हींवर सहा-सहा घरे होतात, रंगीत घरे तीन आणि दोन, म्हणून बेरीज ५/६. जी मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ लिहितात, त्यांना मी एवढेच विचारत असे की, अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल?

घरे किती पाडायची यावर बंधन नाही. १२ आणि १८ यांच्यासाठी ३६, ७२, २१६ यांपैकी कोणताही सामाईक विभाज्य चालतो. लसावि घेतला की घरे सर्वांत कमी पडतात, इतकेच.

उत्तर २
यात एक भर घालतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त या दोन्ही रीती एकाच श्लोकात आहेत. प्रथम एकमेकांच्या छेदांनी अंश व छेद यांना गुणावे असे सांगून, नंतर छेदांना सामाईक अवयवाने भागून जे उरते त्याने गुणावे, असा पर्याय दिला आहे. ‘समच्छेद’ हा शब्दही तिथे आहे. म्हणजे आपल्या मुलीने पहिली रीत वापरली. दुसरीने १२ आणि १८ यांना ६ ने भागले की २ आणि ३ उरतात; मग ५/१२ ला ३ ने आणि ७/१८ ला २ ने अंश-छेदांत गुणले की १५/३६ + १४/३६ = २९/३६. लसाविसाठी वेगळी मांडणी करावीच लागत नाही.

उत्तर ३
रीत बरोबर आहे हे मान्य, तरी लसाविचा आग्रह मला अनाठायी वाटत नाही. १/६ + ३/८ + ५/१२ यांत छेदांचा गुणाकार ५७६ होतो, तर लसावि २४; मग ४ + ९ + १० = २३ आणि उत्तर २३/२४. मोठ्या आकड्यांत मुले अडखळतात ती गुणाकारात, आणि दोष मात्र अपूर्णांकांना देतात.

जुन्या हिशेबांत तर समच्छेद नाण्यांतच तयार होता. रुपयाचे १६ आणे, त्यामुळे पाव म्हणजे ४ आणे आणि तीन अष्टमांश म्हणजे ६ आणे, ही बेरीज तोंडी होई. १६ ला ३ ने भाग जात नाही. पण आण्याचे १२ पै असल्याने रुपयाचे १९२ पै होत, आणि तिसरा हिस्सा नेमका ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै येई.

प्रश्नकर्त्या पालकांकडून
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी पट्ट्या करून पाहिल्या. त्यानंतर तिने ७/१५ + ९/२० हे उदाहरण स्वतःच घेतले, छेदांना ५ ने भागून ३ आणि ४ काढले आणि २८/६० + २७/६० = ५५/६० इथपर्यंत आली. थोडे थांबून म्हणाली, ‘आई, लसावि घेतला तरी ५ ने भाग जातोच आहे की!’ आणि तिने खाली ११/१२ लिहिले.