हॉलमधे ठेवायला शांत पीसी हवाय, स्वस्तात. मदत करा!

आवाजाने_बेजार:
नमस्कार मंडळी. हॉलमधल्या टीव्हीला कायमचा जोडून ठेवायला एक पीसी बनवायचाय. आवाज नको आणि खर्च फार नको, बास. आत्ता जो आहे तो चालू केला की पाच मिनिटात घोंघावायला लागतो, मग पिक्चरमधे कोणी हळू बोललं की बाबा आवाज वाढवतात, पुढच्या सीनला गोळीबार सुरू झाला की आई ओरडते, आणि रिमोटवरून रोज महाभारत. प्रोसेसर कुठला आणि कॅबिनेट कुठली तेवढं पटकन सांगा, रविवारी घेऊनच टाकायचंय. गेमिंग नाहीये.

वायरगुंता:
आत्ता जो आहे तो म्हणजे कोणता? टीव्ही ४के का फुल एचडी? आणि बघता काय, डिस्कवरचे पिक्चर का ओटीटी? हे न सांगता सल्ला मागणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" एवढंच सांगून फोन ठेवणं.

शून्यडेसिबल:
विषय संपवतो. इंटेल एन १०० वाला फॅनलेस मिनी पीसी घ्या. ६ वॉटचा प्रोसेसर आहे, एच २६५ १० बिट (जास्त रंगछटांचं), व्हीपी ९, एव्ही १ हे हल्लीचे व्हिडिओ फॉरमॅट सगळे हार्डवेअरमधे डीकोड होतात, म्हणजे सीपीयूला ताण न देता वेगळ्या सर्किटने उलगडतात. माझा टीव्हीच्या पाठीला स्क्रूने लावलाय, चालू आहे का बंद ते हात लावून बघावं लागतं. बजेटमधे बसतो. धागा बंद करा.

खटपट्या:
धागा असा बंद होत नसतो. पंखा नाही म्हणजे आवाज नाही हा गैरसमज आहे. मी एक फॅनलेस डबा घेतला होता, त्याच्या सर्किटमधली कॉइल अशी किणकिणायची की रात्री कानाशी डास असल्यासारखं वाटायचं, आणि उन्हाळ्यात तर डबा तापून पिक्चर अडकायचा. ४० मिमीचा चिमुकला पंखा कर्कश असतो कारण तेवढी हवा ढकलायला त्याला हजारोंनी आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात. १२० मिमीचा मोठा पंखा ६००-७०० आरपीएमवर फिरवा, सोफ्यावर ऐकूच येत नाही. त्यामुळे ऐसपैस कॅबिनेट, मोठा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा), चार पिनांचा पीडब्ल्यूएम (वेग कमीजास्त करता येणारा) पंखा, आणि बायॉसमधे (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधे) त्याचा वेग खाली आणायचा.

शून्यडेसिबल:
तुमचा एक पीस खराब निघाला म्हणून सगळे फॅनलेस वाईट का? आणि हॉलमधे ऐसपैस कॅबिनेट ठेवू देतं कोण, घरात बायको आहे ना तुमच्या?

खटपट्या:
आहे, आणि कॅबिनेट तिनेच निवडलीय.

आवाजाने_बेजार:
अहो भांडू नका. आय ५ आहे. टीव्ही मोठा आहे. सगळंच बघतो. आता सांगा.

वायरगुंता:
आय ५ म्हणजे "माझ्याकडे गाडी आहे" म्हटल्यासारखं झालं हो, २००९ पासून आय ५ येतायत. पूर्ण नंबर द्या. आणि एक काम करा, जो पिक्चर लावल्यावर जास्त आवाज होतो तो लावा, मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे बघा सीपीयू किती टक्के जातोय. तिथेच जीपीयूवर क्लिक केलं की व्हिडिओ डीकोड नावाचा आलेख असतो, तो हलतोय का तेही सांगा.

पायवेडा:
एवढा खटाटोप कशाला, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक घ्या, कार्डावर लिब्रइलेक ही सिस्टीम टाका, पंधरा मिनिटात कोडी (पिक्चर, फोटो लावायचं सॉफ्टवेअर) सुरू. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पायमधे सीईसी असतं, टीव्हीच्या रिमोटनेच सगळं चालतं, वेगळा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायला नको. ४के एच २६५ आरामात चालवतो.

शून्यडेसिबल:
आणि एव्ही १? आणि ओटीटी ४के मधे? पायवर विसरायचं. पाय ५ मधून तर त्यांनी एच २६४ (जुन्या पिक्चरचा फॉरमॅट) चा हार्डवेअर डीकोडरच काढून टाकला.

पायवेडा:
काढला कारण पाय ५ चा सीपीयू फुल एचडीचं एच २६४ सहज ओढतो. वापरून बघा मग बोला.

उगाच_एक:
पीसीच कशाला पण? टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक लावा, काम संपलं.

आवाजाने_बेजार:
स्टिक होती. आमच्याकडे २ टीबीच्या डिस्कवर घरच्या लग्नांपासून भाच्याच्या पहिल्या पावलापर्यंत सगळं आहे, ती डिस्क स्टिकला लागेना. आणि आईला मोठ्या स्क्रीनवर फोटो बघायचे असतात. पीसीच हवाय. नंबर संध्याकाळी बघून सांगतो.

सूरमाया:
मी पीसीबद्दल नाही बोलत, बाबांच्या त्रासाबद्दल बोलतेय. संवाद हळू आणि गोळीबार मोठा हा पंख्याचा दोष नाही. पिक्चरचा ट्रॅक ५.१ चा, म्हणजे सहा चॅनलचा असतो आणि बोलणं मुख्यतः मधल्या चॅनलवर असतं. टीव्हीच्या दोन स्पीकरवर सहा चॅनल कोंबले की बोलणंच दबतं. कोडीत पिक्चर चालू असताना ऑडिओ सेटिंगमधे व्हॉल्यूम अ‍ॅम्प्लिफिकेशन वाढवा, हळू आवाज वर येतो आणि मोठा तेवढा चढत नाही. पासथ्रू (आवाज न बदलता तसाच पुढे पाठवणं) चालू असेल तर मात्र याचा काही परिणाम होत नाही, आधी ते बंद करा. पीसी कितीही शांत आणलात तरी हे केल्याशिवाय रिमोटचं महाभारत संपायचं नाही.

उगाच_एक:
ताई, त्यांनी हे विचारलंच नाहीये.

सूरमाया:
विचारलं नाही, पण पहिल्या पोस्टमधे अर्धी तक्रार त्याचीच आहे. वाचा.

आवाजाने_बेजार:
नंबर घ्या. आय ५ ४५७०, ८ जीबी रॅम, विंडोज १०. टीव्ही ४के. भाच्याचा वाढदिवस फोनवर शूट केला होता तो लावला तर सीपीयू ९७ ते १००, आणि डीकोडचा आलेख जमिनीवर झोपलेला. गंमत म्हणजे जुना एक पिक्चर लावला तर सीपीयू १० च्या आत आणि आवाजही जवळपास नाही. हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. अजून एक, ४के वर माऊसचा बाण गोंदातून ओढल्यासारखा फिरतो, म्हणून मी रिझोल्यूशन कमी करून ठेवलंय. त्याचा काही संबंध?

वायरगुंता:
आहे तर! सापडलं. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या ४थ्या पिढीचा. जुने पिक्चर एच २६४ मधे असतात, त्यासाठी त्याच्यात वेगळं सर्किट आहे, सीपीयू नुसता बसून राहतो. हल्लीचे फोन बरेचदा एच २६५ मधे शूट करतात, ते सर्किट याच्यात नाही, मग सगळी आकडेमोड सीपीयू स्वतः करत बसतो. ८४ वॉटचा प्रोसेसर आहे तो, पूर्ण ताकदीने चालला की तापणार आणि पंखा बोंबलणार. ६व्या पिढीत ८ बिट एच २६५ आलं, ७व्यात १० बिट, ११व्यात एव्ही १. माऊसचं कारण म्हणजे तुमचं एचडीएमआय १.४ आहे, ते ४के ला सेकंदाला ३० च्या वर फ्रेम देत नाही. ६० ला २.० लागतं. तेव्हा कॅबिनेट आणि पंखे बदलण्यात पैसे घालू नका, दुखणं तिथे नाहीच.

खटपट्या:
हे मान्य. पण मग नवीन तरी कशाला? जीटी १०३० चं पंखा नसलेलं ग्राफिक्स कार्ड मिळतं, ३० वॉटच्या आसपास खातं, एच २६५ १० बिट आहे, एचडीएमआय २.० आहे. जुन्या पीसीतच टाका.

शून्यडेसिबल:
एव्ही १ नाही त्यात. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ अधिकृतपणे ४थ्या पिढीवर चढत नाही. पडक्या वाड्याला नवीन दार बसवायचं का?

कप्पेबंद:
एक साधा प्रश्न. हा पीसी ठेवलाय कुठे?

आवाजाने_बेजार:
टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. समोर काचेचं दार आहे.

कप्पेबंद:
बंद असतं?

आवाजाने_बेजार:
हो मग, उघडं ठेवलं तर भाचा बटण दाबून पीसी बंद करतो.

कप्पेबंद:
काच बंद आणि मागे भिंत, म्हणजे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत जातेय. आधी दार काढा. मग झाकण उघडून हीटसिंक बघा, पंख्याखाली राखाडी लोकरीचा थर बसलेला असेल. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर भलत्याच वेगाने फिरून पंखा जायचा. बटणाचं म्हणाल तर विंडोजमधे पॉवर बटणाला "काही करू नका" असं सांगता येतं, भाचा दाबत बसेना का.

वायरगुंता:
आणि डिस्क पोर्टेबल असली तरी लाकडी फळीवर गुणगुणते, खाली रबराचा तुकडा ठेवा. किंवा सरळ जुना पीसी दुसऱ्या खोलीत नेऊन डिस्क त्याला लावा, हॉलमधे फक्त छोटा डबा. आवाज करणारी वस्तू हॉलमधे नसेल तर तो दाबायची वेळच येत नाही. फक्त मधे लॅनची वायर टाका, वायफायवर ४के फाइल अडकली की पुन्हा इथेच येऊन विचाराल.

आवाजाने_बेजार (आठ दिवसांनी):
अपडेट देतो. काच काढली, लोकर काढली (खरंच लोकरच होती, चिमटीत धरून सोलली), तेवढ्यावरच आवाज निम्मा झाला. वाढदिवसाचा व्हिडिओ लावला की तरी घोंघावत होताच, म्हणून एन १०० वाला घेतला. फॅनलेस नाही मिळाला, छोटा पंखा आहे, पण तोच व्हिडिओ आता सीपीयूच्या ८-१० टक्क्यात चालतो आणि पंखा जेमतेम फिरतो. जुना पीसी आतल्या खोलीत, लिनक्स टाकून डिस्क त्याला लावली. ओटीटीसाठी डब्यावर विंडोजच ठेवलंय, लिनक्सच्या ब्राउझरवर नेटफ्लिक्स ४के देत नाही असं कळलं. सूरमायाताई, ते व्हॉल्यूमचं केलं, बाबांनी दोन दिवस रिमोटला हात लावलेला नाही.

पायवेडा:
आणि टीव्हीच्या रिमोटने चालतोय का? नाही ना? सांगितलं होतं.

आवाजाने_बेजार:
नाही चालत, छोटा वायरलेस कीबोर्ड घेतलाय, चालतंय. पण एक नवीन भानगड. पिक्चरमधे कॅमेरा हळू आडवा फिरला की चित्र अगदी बारीक झटके मारतं. पूर्वी पंख्याच्या नादात दिसलं नसावं.

वायरगुंता:
पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही ६० वर. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, मग एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा, तोच झटका. कोडीच्या प्लेअर सेटिंगमधे अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे, ते ऑन स्टार्ट / स्टॉप करा.

आवाजाने_बेजार:
केलं. झटके गेले. पण आता पिक्चर लावला की स्क्रीन दोन सेकंद काळी होते?

वायरगुंता:
होणारच, टीव्ही ६० वरून २४ वर जातोय. तेवढे दोन सेकंद थांबा.