मदत हवी आहे: देवगिरी ते अजिंठा पायी, पाठीवरचं ओझं कमी कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईकडचा. कृषी सेवा केंद्र चालवतो, वय पन्नाशीला टेकलंय, गुडघे अजून शाबूत आहेत. डिसेंबरात मी आणि मेव्हणा असे दोघं देवगिरीहून निघून खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ करत पितळखोऱ्याकडं आणि तिथून गौताळ्याच्या डोंगरांनी अंतूर, सुतोंडा, जंजाळा, वेताळवाडी असे किल्ले घेत अजिंठ्यापर्यंत चालत जायचं म्हणतोय. हाताशी दहा-अकरा दिवस आहेत. एका मुक्कामाच्या ट्रेकला दोन-चार किलो इकडं तिकडं झाले तर फरक पडत नाही. पण सलग इतके दिवस रोज अठरा-वीस किलोमीटर म्हटल्यावर पडतोच.

दुकानात काटा आहेच, म्हणून घरातलं सगळं सामान आणून त्यावर ठेवलं. दोन माणसांचा डोम टेंट ३.२ किलो. पासष्ट लिटरची रकसॅक नुसती रिकामी २.१. स्लीपिंग बॅग १.६. बायकोची योगा मॅट १.१ (दिसायला काहीच वाटत नाही, पण काटा खोटं बोलत नाही). स्टोव्ह-पातेलं ९०० ग्रॅम, कपडे २.४, आणि टॉर्च, पॉवर बँक, औषधं, दोर असं किरकोळ मिळून दीड. बेरीज १२.८ किलो. ह्यात पाणी नाही, खाणं नाही.

आणि खरी गोम पाण्यातच आहे. हिमालयातले किंवा परदेशातले हलक्या सामानाचे व्हिडिओ बघितले, तर ती माणसं अर्धा-एक लिटर पाणी घेऊन निघतात, पुढं झरा असतोच. आपल्याकडं डिसेंबरात ओढ्याला पाणी असलं तरी ते प्यावं का, हा प्रश्न आहे. कापूस-तुरीच्या पट्ट्यात फवारणीचे पंप कुठं धुतले जातात ते मी रोज ऐकतो. पाण्याचा फिल्टर जंतू अडवतो, कीटकनाशक नाही. म्हणजे गावातला हापसा, नळ किंवा विचारून घेतलेली विहीर हेच भरवशाचं, आणि दोन गावांच्या मधे माणशी चार लिटर पाठीवर. चार लिटर म्हणजे चार किलो, त्याला काही हलका पर्याय नाही. एक-दीड दिवसाचं खाणं धरलं की अठरा किलो होतात. मला ते सगळं धरून बाराच्या आत आणायचंय, म्हणजे सामान सहा-सात किलोत बसवावं लागेल.

नेमकं विचारायचंय ते असं. तंबू टाकून देऊन नुसता टार्प (वर ताणायचं हलकं कापडी छत) घ्यावा का? दव आणि पाऊस एकवेळ ठीक, पण विंचू-सापाचं काय? घरातून ह्याच मुद्द्यावर परवानगी अडलीय. दुसरं, स्लीपिंग बॅग पिसांची घ्यावी की साधी? आणि बूट: घोट्यापर्यंतचे जड की पळायचे हलके? बजेट दोघांत मिळून पंधरा हजार, त्यामुळं सगळंच नवीन घेता येणार नाही. आधी कशाला हात घालू?

एक गोष्ट मात्र दुकानातच सापडली. टरबूज-मिरचीला अंथरतो तो मल्चिंग पेपर. तीस मायक्रॉनचा, चार फूट रुंद, दोन मीटर लांब तुकडा कापून काट्यावर टाकला तर सत्तर ग्रॅमसुद्धा भरला नाही. खाली अंथरायला हा चालेल ना?

प्रतिसाद

दादा, संभाजीनगरहून. हा सगळा पट्टा तुकड्या-तुकड्यानं फिरलोय.

आधी मुक्कामाचं ठरवा, मग टार्पचं. गौताळा हे अभयारण्य आहे, तिथं वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते आणि अंतूरही त्याच हद्दीत येतो. म्हणजे तुमच्या निम्म्याहून जास्त रात्री गावात नाहीतर तांड्यावर जाणार: मारुतीचं देऊळ, शाळेचा व्हरांडा, कुणाचा तरी ओटा. विचारलं तर नाही म्हणणारं कुणी भेटत नाही, उलट जेवायला बसवतात. मग ३.२ किलोचा तंबू कशासाठी वाहायचा? दोघांत एक ३ बाय ३ मीटरचा टार्प घ्या, अर्ध्या किलोच्या आसपास येतो, खांब म्हणून हातातल्या काठ्या.

साप-विंचवासाठी टार्प उपयोगाचा नाही, मच्छरदाणी उपयोगाची. एका माणसाची, वरून टांगायची घ्या आणि तिच्या कडा चारी बाजूंनी मॅटखाली नीट खोचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते, आणि खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय आहे. थंडीत साप कमी फिरतात, तरी खोचाच. घरी हे दाखवा, परवानगी मिळेल. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

हवा भरायची मॅट मात्र अजिबात नको. बाभळीचा काटा आणि सराटा तिला पहिल्याच रात्री निकालात काढतील. साधी फोमची घडीची मॅट साडेतीनशे-चारशे ग्रॅमची असते, भोक पडलं तरी झोप होते. मल्चिंग पेपर तिच्याखाली उत्तम. कापताना थोडा जास्तच घ्या, फाटतो लवकर.

पाण्यासाठी स्टीलची बाटली घरी ठेवा. बाजारातल्या पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या तीसेक ग्रॅमच्या असतात, तशा चार. सोबत पंधरा-वीस मीटर बारीक नायलॉन दोरी; विहिरीवर पोहरा नसला तर बाटलीच्या गळ्याला दोरी आणि दगड बांधून सोडायची. दगड नाही बांधला तर बाटली तरंगत राहते आणि आपण वरून बघत बसतो. किल्ल्यांवरच्या टाक्यांचं पाणी आधी फडक्यातून गाळा, मग मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबा.

रकसॅक सगळ्यात शेवटी घ्या. बाकीचं सामान कमी झालं की पंचेचाळीस लिटरची पुरते आणि तिथंच एक किलो वाचतो. आधी घेतली तर मोकळी जागा दिसते आणि माणूस ती भरत सुटतो.

प्रतिसाद

मी नांदेडची, हिमालयातले बरेच ट्रेक केलेत, म्हणून स्लीपिंग बॅगेबद्दल तेवढं बोलते.

लेबलवर तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार मोठ्या अक्षरातला सगळ्यात कमी आकडा दाखवतो, तो पुष्कळदा एक्स्ट्रीमचा असतो. त्या आकड्याला माणूस झोपत नाही, जेमतेम जिवंत राहतो. लिमिट हे साधारण पुरुषाच्या आणि कम्फर्ट हे साधारण बाईच्या हिशोबानं काढलेलं असतं. तुम्ही दोघं पुरुष असलात तरी कम्फर्टच बघा. त्या डोंगरात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कम्फर्ट पाच-सहा अंशांची पुरे. शून्याखालची घेऊ नका, उगाच वजन.

पिसांची बॅग त्याच ऊबेला हलकी आणि दाबली की लहान होते, पण भिजली तर कामाची राहत नाही आणि महागही पडते. आपल्याकडचा डिसेंबर कोरडा, त्यामुळं भिजायची भीती कमी. तरी पंधरा हजारात दोघांच्या पिसांच्या बॅगा बसवायला गेलात तर बाकी काहीच येणार नाही. माझं मत: साधी, एक किलोच्या आसपासची घ्या आणि अंगात थर्मल, कानटोपी, कोरडे मोजे घालून झोपा. सोलापुरी चादरीचा मोह टाळा. ती काट्यावर टाकून बघाच, जवळपास तेवढ्याच वजनात स्लीपिंग बॅग येते.

बुटांना मात्र आधी हात घाला. पायातलं वजन पाठीवरच्यापेक्षा चार-पाच पट जास्त दमवतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. चांगल्या पकडीचे हलके ट्रेल रनिंग बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, आणि महिनाभर दुकानात तेच घालून उभे राहा. कुसळ मोज्यात घुसून जीव नकोसा करतं, म्हणून घोट्यावर कापडी गेटर हवेतच; जुन्या पँटचा पाय कापून घरी शिवता येतात.

आणि स्टोव्ह कशाला? धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, कडक भाकरी त्याहून जास्त, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, सातूचं पीठ. चहा गावात मिळतो.

प्रतिसाद

आमची आई नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला जाते. खांद्याला एक पिशवी: लुगडं, टाळ, प्लास्टिकचा कागद, संपलं. तुमचं आपलं ग्रॅमचं चाललंय!

प्रतिसाद (धागाकर्ता)

काका, तुमच्या आईंना दंडवत. पण दिंडीमागं वळकट्या घेऊन ट्रक असतो, आमच्यामागं कुणी नाही.

बाकी दोघांचे मनापासून आभार. रात्री पुन्हा हिशोब मांडला. टार्पचं निम्मं वजन आणि मच्छरदाणी मिळून साडेसहाशे ग्रॅम, बॅग एक किलो, मॅट चारशे, रकसॅक सव्वा, एक पातेलं-वाटी अडीचशे, कपड्यांचे दोन जोड आणि थर्मल दीड किलो, किरकोळ एक. सहा किलो पन्नास ग्रॅम. पाणी-खाणं धरून सव्वाअकरा. स्टोव्हवरून मेव्हणा अजून अडून बसलाय, त्याला पहाटे उठल्याउठल्या चहा लागतो. म्हटलं, स्टोव्ह तूच वाहा. आता विचार करतोय तो.

एकच राहिलं. तयार टार्प महाग वाटतोय. आमच्याकडं मोंढ्याजवळ ताडपत्री शिवणारे आहेत, कापड दिलं तर शिवून देतील. रिपस्टॉप नायलॉनचं कापड मीटरवर कुठं मिळतं? आणि शिवणीतून पाणी गळू नये म्हणून वर काय लावायचं? कुणी शिवून घेतला असेल तर कोपऱ्यांना किती पदर दिले तेही सांगा.