मोतीबिंदूनंतर जवळचं दिसायला 'हलणारी' लेन्स, कुणी टाकून घेतलीये का?

सोलापूरी_चादर:
बाबांचा (वय ६७) उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी मोनोफोकल (एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी), मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) असे लेन्सचे पर्याय दिलेत, पण भावाने नेटवर वाचलं की आपल्या मूळच्या लेन्ससारखी आतल्या आत सरकून जवळचा फोकस करणारी, अकोमोडेटिंग का काय ती लेन्स असते, आणि आता त्याचा हट्ट की तीच टाकायची. बाबा दुकानाची वही लिहितात, रात्री स्कूटरवर घरी येतात, शुगर आहे. काय करावं?

चष्मिष्ट:
ती क्रिस्टालेन्स असणार. अमेरिकेत एफडीएने २००३ ला मान्यता दिलीये, म्हणजे नवलाईची नाही. आयडिया भारीच होती, लेन्सच्या दोन्ही बाजूंना बिजागरीसारखी खाच, डोळ्यातला स्नायू आवळला की लेन्स पुढे सरकणार. पण ज्या पातळ पिशवीत ती बसवतात ती पिशवीच ऑपरेशननंतर हळूहळू आक्रसते नि चिवट होते, मग सरकणार काय डोंबल! वही ४० सेंमीवर धरली तर अडीच नंबरची ताकद लागते, हिच्याकडून एक नंबर मिळाला तरी खूप. पिशवी वेडीवाकडी आक्रसली तर लेन्सच वाकते ते वेगळंच.

मावळतीकर:
आईला ट्रायफोकल (लांब, मधलं, जवळ अशी तीन अंतरं दाखवणारी मल्टिफोकल) टाकलीये. डाळीतले खडे, व्हॉट्सॅप सगळं बिनचष्म्याचं. पण रात्री समोरून गाडी आली की हेडलाइटभोवती वलयं दिसतात म्हणते, ती गाडी चालवत नाही म्हणून चालून जातं, तुमचे बाबा स्कूटरवर असतात, विचार करा.

आजोबा_ऑनलाइन:
अहो शुगर आहे ना, मग आधी डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासा, ओसीटी म्हणजे पडद्याचं स्कॅन करून घ्या. पडद्याला शुगरने धक्का लागला असेल तर मल्टिफोकलच्या नादी लागू नका, मुळात प्रकाश वाटला जातो त्यात, मंद उजेडात आणखी फिकं दिसेल. सरळ मोनोफोकल, नि वहीला वाचायचा चष्मा. किंवा एक डोळा लांबचा आणि दुसरा मायनस सव्वा-दीड नंबरवर, म्हणजे जवळचं दिसेल असा ठेवतात, सगळ्यांना नाही झेपत पण.

सोलापूरी_चादर:
ओसीटीची वेळ घेतो, भावाला पण हे वाचायला देतो. ते मायनसचं दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सांगितलं तर चालेल का?

आजोबा_ऑनलाइन:
नको, आत्ताच बोला. पहिल्या डोळ्याची पॉवर ठरवतानाच दुसऱ्याचं काय करायचं ते बघतात.