आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन ब्रंच: जाऊ की नको?

प्रश्न
येत्या रविवारी मैत्रिणींनी साडेअकराला ब्रंचला बोलावलंय. मुलगी साडेसहाला उठते, साडेनऊला तासभर झोपते, मग थेट दीडला. मागच्या वेळी ताटं यायला पाऊण तास लागला आणि तोवर हिने भोकाड पसरलं. मी बाहेर व्हरांड्यात, नवरा आत दोन माणसांचं खातोय! शेजारच्या टेबलावरच्या बाईंची नजर अजून आठवते. जावं का? आणि गेलेच, तर काय सांभाळू?

उत्तर १
जा हो. बघणारे बघतात, आपण खायचं.

उत्तर २
मूल होण्याआधी मी चार वर्षं रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर घ्यायचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. रविवारी साडेअकराला येऊ नका. त्या वेळी स्वयंपाकघरात चिठ्ठ्यांची माळ लागलेली असते, तुमचा पाऊण तास तिथेच गेला असणार. साडेदहाला उठली की तशीच उचला आणि अकराला पोचा. मेनू घरूनच बघून ठेवा आणि बसल्या बसल्या ऑर्डर द्या. ताटं आली की बिलही मागून घ्या. यात कुणालाही राग येत नाही, उलट आम्हाला बरं वाटायचं. पाऊणला बाहेर पडलात तर किरकिर सुरू व्हायच्या आत घरी.

टेबल राखताना बाळ आहे हे सांगा. कोपऱ्यातली जागा मागा, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. त्या वाटेवरून आम्ही गरम भांडी घेऊन पळत असतो. हायचेअर (बाळाची उंच खुर्ची) आली की आधी हलवून बघा, मग पट्टे तपासा. पायांमधला पट्टा नसेल तर बाळ खाली सरकतं. बाळाची कार सीट उलट्या हायचेअरवर ठेवणारे पालक मी पाहिलेत, बघूनच माझ्या पोटात गोळा यायचा. ती कलंडते. टेबलावरही नको.

चहा-कॉफी तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर. कप येऊन पंधरा मिनिटं झाली तरी बाळाची कातडी पोळू शकते. तिला घरूनच भरवून न्या, तिथे नुसतं चिवडायला द्या. आणि मध! ब्रंचच्या टेबलावर तो हमखास असतो. वर्षाच्या आत एक बोटही चाटवायचं नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. भाजलेल्या पदार्थातला मधही नको, ओव्हनच्या उष्णतेने ते बीजाणू मरत नाहीत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या.

उत्तर ३
बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करून मागू नका. दूध कुठे कोमट, कुठे कढत होतं. वाडगाभर गरम पाणी मागा आणि त्यात बाटली ठेवा. पावडरचं दूध असेल तर प्यायला लागल्यापासून तासाभराने उरलेलं ओतून द्या. उरलेलं पुन्हा पाजायचं नाही.
एक लाळेरं कमी पडतं. तीन न्या.

उत्तर २
आणि ठसका लागला तर घाबरून तोंडात बोट घालू नका. खोकतंय, आवाज येतोय, तोवर नुसतं लक्ष ठेवा. घास खरंच अडकला तर आवाज बंद होतो. पाठीवर थापा कशा मारायच्या ते रविवारच्या आधी कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. प्रत्येक आईबापाने शिकावंच, बाहेर जा नाहीतर घरी बसा.

प्रश्नकर्ती, रविवारी रात्री
जाऊन आलो! मैत्रिणी कुरकुरल्या, पण अकराला आल्या. पहिल्या हायचेअरचा पट्टा तुटका निघाला, सांगितल्यावर दुसरी मिळाली. चमचा अकरा वेळा खाली पडला (नवऱ्याने मोजला, उचलला मी). शेजारी आजोबा होते, तिच्याशी बुवाकुक खेळत बसले. बारा-पन्नासला बाहेर, गाडीतच झोपली.
कॉफी मात्र गारच प्यायले. तिच्या हातापासून इतकी लांब ठेवली होती की विसरूनच गेले.