मदत हवी आहे: सामाईक खातं, आत्या वारलेली, सोयाबीन अनुदानाच्या ना हरकतीवर सही कोणाची?

नमस्कार मंडळी. शेती सेनगाव तालुक्यात (जि. हिंगोली), मी पुण्यात नोकरीला. विषय २०२३ च्या खरिपाचं कापूस-सोयाबीन अनुदान. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमचं सोयाबीन १ हेक्टर ६० आर, म्हणजे ८,००० रुपये होतात. ई-पीक पाहणी केलेली आहे, सातबाऱ्यावर पीक दिसतं, यादीतही नाव आहे. सप्टेंबर २०२४ अखेर वाटप सुरू झालं आणि शेजारच्या गटातल्यांच्या खात्यात पैसे पडले. आमचे अडकले, कारण सातबाऱ्यावरचं खातं सामाईक.

आजोबा गेल्यावर वारसांची नोंद झाली, तेव्हा चार नावं लागली: वडील, काका आणि दोन आत्या. जमीन कसतात फक्त वडील. पैसे एकाच्याच खात्यात घ्यायचे तर बाकीच्या खातेदारांची ना हरकत लागते, असं कृषी सहायकांनी सांगितलं. काकांनी लगेच सही दिली, धाकट्या आत्यानेही. थोरली आत्या मात्र वारली आहे आणि सातबाऱ्यावर नाव अजून तिचंच. तिची तीन मुलं, त्यातला थोरला आदिलाबादला. तो नाही म्हणत नाही, पण फोनवर विचारतो, "सही केली म्हणजे आईचा हिस्सा सोडला असं तर होणार नाही ना?" तिकडे रयतू बंधूचे (तेलंगणाच्या शेतकरी मदत योजनेचे) पैसे ज्याच्या नावावर पट्टा त्याच्या खात्यात जायचे, त्यामुळे ही सह्यांची भानगड त्याच्या पचनीच पडत नाही. त्याची शंका मला रास्त वाटते.

गावात जो तो एकच सल्ला देतो: "आत्यांकडून हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) करून घ्या, कायमची कटकट मिटेल." आठ हजारांसाठी आत्यांचा हिस्सा लिहून घ्यायला मी तयार नाही. वडीलही नाहीत.

तर विचारायचं असं, की आत्याच्या मुलांनी थेट ना हरकत दिली तर चालेल का, की आधी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर त्यांची नावं लावणं? आणि कागदात काय लिहिलं म्हणजे आत्येभावाची भीती जाईल? दर वेळी, अतिवृष्टीचे पैसे असोत की विमा, हेच होणार असेल तर कायमचा उपाय काय?

प्रतिसाद १
आत्येभावाला सांगा, ना हरकतीने हिस्सा जात नाही. हक्कसोड नोंदणीकृत दस्ताने होतो, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं. तरी कागदात स्पष्ट लिहा: "खरीप २०२३ च्या अनुदानाची रक्कम अमुक यांच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही. जमिनीतील आमचा हक्क व हिस्सा अबाधित आहे." गट नंबर टाका, प्रत्येकाकडे एक प्रत राहू द्या.

प्रतिसाद २
मुलांची नावं लागलेली नसताना त्यांची सही घ्यायची की नाही, हे कृषी सहायकावर जाईल. पण वारस नोंद तशीही करायचीच आहे, ती आधी उरका. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र आणि तलाठ्याकडे अर्ज. महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. कायमचं म्हणाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी. सगळ्यांची संमती असेल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा होतो, कोणाचा हक्क जात नाही. आत्यांचा हिस्सा कसायला वडिलांकडेच ठेवायचा असेल तर ते घरात ठरवा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मृत्यू दाखला आहे. शपथपत्र तिघा भावांनी वेगवेगळं करायचं का? आदिलाबादहून येणं अवघड आहे.

प्रतिसाद २
अर्ज करणाऱ्या एकाने केलं तरी चालतं. फक्त त्यात तिघांचीही नावं हवीत, आत्याचे यजमान हयात असतील तर त्यांचंही. एक नाव राहिलं की पुढे तेच हरकतीचं कारण होतं.